एका बाणाच्या निमित्ताने

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी तर्कशास्त्राच्या चाचणीआधी मी वर्गासाठी टिपणे तयार केली होती. 'पाऊस पडला तर जमीन ओली होते' हे वाक्य तर्कशास्त्रात थोडक्यात 'प → ज' असे मांडतात. 'प' म्हणजे पाऊस पडणे, 'ज' म्हणजे जमीन ओली होणे आणि मधला बाण म्हणजे आपले 'जर-तर'. महाविद्यालयाच्या संगणकावर दोन बोटांनी टंकलेखन करताना कळफलकावर बाण काही सापडेना. दोन आडव्या रेघा आणि त्यापुढे 'पेक्षा मोठे'चे चिन्ह दाबले की यंत्र आपोआप बाण काढून देते, असे कोणीतरी सांगितले. तसे केले, बाण उमटला आणि मी खूष झालो. मग तो मजकूर उचलून वर्गातल्या सर्वांच्या मोबाईलवर पाठविला. पाठविल्यावर तो उघडून पाहण्याची तसदी मात्र मी घेतली नाही.

तिकडे जिथे जिथे बाण होता, तिथे तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेले एक रोमन अक्षर उमटले होते. बऱ्याच जणांनी ते ओळखले आणि हसून सोडून दिले. एका मुलीने मात्र ते अक्षर जसेच्या तसे पाठ केले आणि उत्तरपत्रिकेत उतरविले. तिचे गुण गेले. तिने मला दोष दिला नाही. शिकलेल्या लोकांची अशीच काहीतरी खूण असेल, असे तिला वाटले होते. हे ऐकून मला अधिकच लागले, कारण तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. तिच्या काय आणि माझ्या काय, घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे आम्हीच पहिले. न समजलेली खूण विचारत बसण्यापेक्षा गुपचूप उतरवून घेणे बरे, हा धडा आम्ही फार लवकर शिकतो.

बाणाचे अक्षर का झाले, याचा शोध घ्यावा म्हणून मी ग्रंथालयात बसू लागलो. त्या शोधात मला एक माणूस भेटला. त्याला जाऊन तीनशेहून अधिक वर्षे झाली आहेत. गोटफ्रीड विल्हेल्म लायब्निझ हे त्याचे नाव. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात तो आपल्याला चिदणुवादाचा पुरस्कर्ता म्हणून एका प्रश्नापुरता भेटतो, तर विज्ञान शाखेतल्या मित्रांना कलनशास्त्राचा एक जनक म्हणून. मला भेटला तो मात्र खुणांच्या मागे जन्मभर लागलेला माणूस होता. त्याची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

लायब्निझचा जन्म १ जुलै १६४६ रोजी जर्मनीतील लाइपझिग या गावी झाला. तीस वर्षे चाललेल्या युद्धाने तो सारा मुलूख उजाड झालेला होता, आणि ते युद्ध संपायला अजून दोन वर्षे होती. वडील विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. लायब्निझ सहा वर्षांचा असताना, १६५२ साली, ते वारले. त्यांच्या मागे राहिली ती पुस्तकांनी भरलेली खोली. पुढे या खोलीची दारे मुलासाठी उघडली गेली, आणि लिव्ही या रोमन इतिहासकाराचा एक सचित्र ग्रंथ त्याच्या हाती लागला. लॅटिन त्याला धड येत नव्हते. चित्रे पाहायची, चित्राखालच्या ओळीचा अंदाज बांधायचा, तो शब्द दुसऱ्या पानावर आला की पडताळून पाहायचा, असे करीत करीत तो ती भाषा शिकला. घरात पुस्तकांची खोली असणे म्हणजे काय असते, हे मला कल्पनेनेच जाणून घ्यावे लागते. पण चित्रावरून ओळीचा अर्थ लावणारा तो मुलगा मात्र मला चांगलाच ओळखीचा वाटला.

चौदाव्या वर्षी तो विद्यापीठात दाखल झाला. तत्त्वज्ञान आणि कायदा हे त्याचे विषय. १६६६ साली, अवघ्या विशीत, त्याने एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील कल्पना त्याला पुढे आयुष्यभर पुरली. थोड्याशा अक्षरांच्या जुळणीतून जसे भाषेतले सारे शब्द तयार होतात, तसे थोड्याशा मूळ कल्पनांच्या जुळणीतून माणसाचे सारे विचार तयार होत असले पाहिजेत. मग या मूळ कल्पनांची मुळाक्षरे शोधून काढावीत, प्रत्येकीला एक खूण द्यावी, म्हणजे विचार करणे हे हिशेब करण्याइतके उघड आणि तपासता येण्याजोगे होईल. दोन पंडितांत वाद झाला तर त्यांनी आवाज न चढविता पाटी-पेन्सिल घेऊन बसावे आणि उत्तर काढावे, हे त्याचे स्वप्न होते. या स्वप्नात भाबडेपणा नव्हता असे नाही. पण हिशेबाच्या पाटीसमोर मोठा-लहान कोणी राहत नाही, ही त्यातली गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच वर्षी लाइपझिगच्या विद्यापीठाने त्याला कायद्याची सर्वोच्च पदवी नाकारली. वय लहान, हे त्यामागचे एक कारण असल्याचे सांगतात. तो उठला आणि न्युरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ विद्यापीठात गेला. तिथे त्याला ती पदवी १६६७ साली मिळाली आणि पाठोपाठ प्राध्यापकाची जागाही देऊ केली गेली. ती त्याने घेतली नाही. त्याला जगाच्या व्यवहारात पडायचे होते. मेंझच्या राजदरबारी तो कायदेपंडित म्हणून रुजू झाला आणि १६७२ साली राजकारणाच्या कामगिरीवर पॅरिसला जाऊन पोचला.

ज्या राजकारणासाठी तो गेला होता त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही. पण पॅरिसमध्ये त्याला ख्रिस्तियान हायगेन्स हा थोर गणिती भेटला. सव्वीस वर्षांच्या लायब्निझला तोपर्यंत गणित बेताचेच येत होते. हायगेन्सने त्याला एक उदाहरण घातले. १, ३, ६, १० या त्रिकोणी संख्यांचे व्यस्त घेऊन, म्हणजे १ + १/३ + १/६ + १/१० असे पुढे न संपता मिळवीत गेल्यास बेरीज किती होईल? लायब्निझच्या लक्षात आले की यातली प्रत्येक संख्या ही दुसऱ्या दोन संख्यांची वजाबाकी आहे. १ म्हणजे २ वजा १. १/३ म्हणजे १ वजा २/३. १/६ म्हणजे २/३ वजा १/२. अशी साखळी मांडली की मधल्या साऱ्या संख्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर उरते २. बेरीज आणि वजाबाकी या एकमेकींच्या उलट्या वाटा आहेत, हे त्याच्या मनात तिथे जे बसले, त्यातूनच त्याचे कलनशास्त्र उगवले.

१६७३ साली तो लंडनला गेला. बेरीज-वजाबाकीच नव्हे तर गुणाकार-भागाकारही करील असे एक गणनयंत्र त्याने योजिले होते. त्याचा लाकडी नमुना त्याने रॉयल सोसायटीपुढे ठेवला. यंत्र अपुरे होते आणि नीट चालले नाही. त्याच मुक्कामात गणितातला एक निष्कर्ष आपला म्हणून त्याने सांगितला, तर तो अगोदरच दुसऱ्या कोणी छापलेला निघाला. विद्वानांच्या बैठकीत अशी फजिती होणे म्हणजे काय, ते प्रत्येक विद्यार्थ्याला कळेल. लायब्निझ पॅरिसला परतला आणि पुन्हा पहिल्यापासून गणित शिकू लागला. सोसायटीने मात्र त्याच वर्षी त्याला सदस्य करून घेतले.

२९ ऑक्टोबर १६७५ या तारखेचा त्याच्या हातचा एक कागद आजही आहे. असंख्य बारीक तुकड्यांची बेरीज दाखविण्यासाठी तोवर तो एका लॅटिन शब्दाचे संक्षिप्त रूप लिहीत असे. त्या दिवशी त्याने ते सोडून बेरजेच्या लॅटिन शब्दाचे पहिले अक्षर, त्या काळी लिहीत तसे लांबट, घेतले. समाकलनाचे ∫ हे चिन्ह ते हेच. थोड्याच दिवसांत अगदी लहान फरकासाठीही त्याने एका अक्षराची खूण ठरविली. ही पद्धत त्याने १६८४ साली एका नियतकालिकात छापली आणि ∫ हे चिन्ह १६८६ साली छापून आले. आज आपल्या विज्ञान शाखेच्या फळ्यावर ज्या खुणा दिसतात, त्या या माणसाच्या हातच्या आहेत.

न्यूटनने हेच शास्त्र त्याच्या आधी, १६६५-६६च्या सुमारास, स्वतंत्रपणे शोधलेले होते. यात आता कोणाला शंका नाही. पण न्यूटनने ते जवळ ठेवले. १६७६ साली त्याने लायब्निझसाठी जे पत्र पाठविले, त्यात आपल्या पद्धतीचे मुख्य सूत्र त्याने अक्षरे सुटी करून, मोजून, कोणालाही अर्थ लागू नये अशा रीतीने घातले होते. पुढे हक्क सांगता यावा पण आज कोणाला कळू नये, अशी ती खूण होती. लायब्निझ मात्र खूण शोधायचा ती दुसऱ्याला कळावी म्हणून. चांगली खूण मनाचे श्रम वाचविते आणि चुकलेली वाट डोळ्यांना दाखविते, अशी त्याची श्रद्धा होती. या खुणांविषयी तो निरनिराळ्या गणितज्ञांना पत्रे लिही, त्यांचे मत विचारी आणि पटले तर आपली खूण बदली. १६९८ साली योहान बर्नुली याला त्याने कळविले की गुणाकाराची फुली त्याला पसंत नाही, कारण ती अज्ञात संख्येच्या रोमन अक्षरासारखी दिसते आणि घोटाळा होतो. म्हणून त्याने नुसता ठिपका सुचविला. छापखान्यातल्या जुळाऱ्याला एका ओळीत बसविता येतील अशा खुणा असाव्यात, याचाही तो विचार करी. एक खूण दुसऱ्या अक्षरासारखी दिसल्याने होणारा घोटाळा! हे वाचताना मला आमच्या वर्गातली ती उत्तरपत्रिका आठवल्यावाचून राहिली नाही.

१६७६ अखेर पैशाच्या ओढीने त्याला पॅरिस सोडावे लागले. हॅनोव्हरच्या संस्थानिकाकडे ग्रंथपाल आणि सल्लागार म्हणून तो नोकरीस राहिला आणि पुढची चाळीस वर्षे त्याच घराण्याच्या चाकरीत गेली. मालक तीन झाले, चाकर एकच. हार्झ डोंगरातील रुप्याच्या खाणींतले पाणी पवनचक्कीने उपसावे अशी योजना त्याने आखली. त्यापायी कित्येक वर्षे खर्ची पडली आणि ती १६८५ साली अपयशातच बंद झाली. मग दरबाराने त्याला राजघराण्याचा इतिहास लिहावयास सांगितले. जुन्या दप्तरांचा शोध घेत तो १६८७ ते १६९० जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली पालथा घालीत फिरला. तपशिलाच्या बाबतीत तो इतका काटेकोर होता की मरेपर्यंत हा इतिहास इसवी सन १००५च्या पुढे सरकला नाही. त्यामुळे दरबारात तो चेष्टेचा विषय होऊन बसला.

या चाकरीच्या सुरुवातीच्या काळातला, १५ मार्च १६७९ या तारखेचा, आणखी एक कागद आहे. माझ्या बाणाशी त्याचे नाते सर्वांत जवळचे. नेहमीच्या दहा अंकांऐवजी फक्त ० आणि १ या दोनच अंकांनी सारी गणिते कशी करता येतील, हे त्यात त्याने मांडले. दोन म्हणजे १०, तीन म्हणजे ११, चार म्हणजे १००, आठ म्हणजे १०००. डावीकडे सरकलेला प्रत्येक १ आधीच्या दुप्पट किमतीचा. अशी गणिते करणाऱ्या यंत्राचीही त्याने कल्पना केली. भोके असलेली एक पेटी. जिथे १ तिथले भोक उघडे, जिथे ० तिथले बंद. उघड्या भोकातून गोट्या खाली पडायच्या आणि पन्हळींतून घरंगळत जाऊन हिशेब करायच्या. हे यंत्र त्याने कधी बांधले नाही.

दोनच खुणांनी मोजण्याचा विचार त्याच्या आधी कोणी केलाच नव्हता, असे म्हणता येणार नाही. इंग्लंडच्या टॉमस हॅरियटच्या अप्रकाशित कागदांत तो आहे. आपल्याकडे पिंगलाने लघु-गुरूंच्या जुळण्या मोजल्या होत्याच. वृत्ते शिकताना आपण त्या शिकतो. पण लायब्निझला यांची माहिती नव्हती, आणि या पद्धतीचे संपूर्ण अंकगणित मांडून ते जगापुढे ठेवण्याचे श्रेय त्याचे आहे. चीनमध्ये असलेल्या बूव्हे नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाला त्याने ही पद्धत कळविली. बूव्हेने उत्तरादाखल एका प्राचीन चिनी ग्रंथातल्या ६४ आकृत्या पाठविल्या. अखंड आणि तुटक अशा दोनच तऱ्हेच्या रेघांनी त्या बनलेल्या होत्या. लायब्निझला अतिशय आनंद झाला. १७०३ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध ठेवला, त्यात या आकृत्यांचाही उल्लेख केला. व्यवहारात या गणिताचा उपयोग काय, असे त्या वेळी कोणालाही वाटणे साहजिक होते. रोजच्या हिशेबासाठी आपले दहा अंकच सोयीचे, हे तो स्वतःही मान्य करीत होता.

आता माझ्या बाणाकडे वळतो. संगणकाला बाण दिसत नाही आणि 'क'ही दिसत नाही. त्याच्या पोटात विजेच्या दोनच अवस्था असतात, आणि आपण त्यांना लायब्निझचे ० आणि १ म्हणतो. म्हणून प्रत्येक खुणेला एक क्रमांक द्यावा लागतो आणि तो क्रमांक द्विमान पद्धतीत लिहावा लागतो. प्रश्न एवढाच की कोणत्या खुणेला कोणता क्रमांक, हे ठरवायचे कोणी? पूर्वी ज्याने त्याने आपापली यादी केली. माझ्या टिपणातला बाण हा खरा बाण नव्हताच. यंत्राने तो खास चित्रांच्या एका फाँटातून काढला होता. त्या फाँटात २२४ या जागी बाणाचे चित्र होते. मजकूर मोबाईलवर गेला तेव्हा २२४ एवढा क्रमांक पोचला, फाँट मागेच राहिला. मोबाईलने आपल्या यादीत २२४ला काय आहे ते पाहिले. तिथे तिरकी रेघ असलेले रोमन अक्षर होते. यंत्र खोटे बोलले नाही आणि मोबाईलही खोटे बोलला नाही. दोघांच्या याद्या वेगळ्या होत्या, इतकेच.

आपल्या मराठीने हा त्रास पुष्कळ वर्षे सोसला आहे. जुन्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर कविता उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. यावर उपाय म्हणून जगातल्या सर्व लिप्यांची आणि खुणांची एकच यादी करण्याचे ठरले. तिचे नाव युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तेव्हापासून देवनागरी तिच्यात आहे. तिथे 'क'चा क्रमांक २३२५. लायब्निझच्या ∫ या चिन्हाचा ८७४७. बाणांसाठी ८५९२ ते ८७०३ अशा ११२ जागांचा गट आहे, आणि उजवीकडे जाणाऱ्या आपल्या बाणाचा क्रमांक ८५९४. द्विमान पद्धतीत तो १००००११००१००१० असा होतो. ताळा पाहायचा असेल तर ८१९२, २५६, १२८, १६ आणि २ यांची बेरीज करावी. मीही ती वहीत करून पाहिली.

हा क्रमांक साठविताना आणि पाठविताना आठ-आठ अंकांचे गट करतात. १९९२ साली केन टॉमसन आणि रॉब पाइक यांनी त्याची जी रीत बसविली, ती आज सर्वत्र रूढ आहे. त्या रीतीत बाणाचे तीन गट होतात : १११०००१०, १००००११० आणि १००१००१०. पहिल्या गटाच्या सुरुवातीचे १११० सांगते की ही खूण तीन गटांची आहे. पुढच्या दोन्ही गटांच्या आरंभीचे १० सांगते की आम्ही मागच्याचेच सोबती. ही ओळखपत्रे काढून उरलेले अंक सलग जोडले की पुन्हा ८५९४ मिळतात. खूण कशी वाचायची हे खुणेतच सांगून ठेवलेले असते. हे समजले तेव्हा लायब्निझला ही रीत फार आवडली असती असे मला वाटले.

मात्र बाण हे चिन्ह त्याने दिलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. एखाद्या किमतीकडे जवळ जवळ जाणे दाखविण्यासाठी लेदम या इंग्रज गणितज्ञाने तो १९०५ साली वापरला आणि १९०८ साली हार्डीच्या पाठ्यपुस्तकाने तो रूढ केला. 'जर-तर'साठी तो हिल्बर्टने विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात वापरला. पण तर्क खुणांनी लिहावा आणि हिशेबासारखा तपासावा, ही मूळ आस लायब्निझची. बाणाचा अर्थही त्याच वाटेवरचा आणि बाणाचा आकडाही त्याच्याच अंकगणितातला.

त्याच्या आयुष्याची अखेर मात्र सुखाची झाली नाही. १७०० साली बर्लिनला विज्ञान अकादमी स्थापन झाली ती त्याच्या प्रयत्नाने, आणि तोच तिचा पहिला अध्यक्ष झाला. पण त्याला आधार देणारी प्रशियाची राणी सोफी शार्लोट १७०५ साली वारली. पुढे कलनशास्त्र लायब्निझने न्यूटनकडून चोरले असा आरोप इंग्लंडात उघडपणे होऊ लागला. १७११ साली लायब्निझने रॉयल सोसायटीकडे दाद मागितली. सोसायटीने १७१२ साली समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष खुद्द न्यूटन होता आणि समितीचा अहवालही पडद्याआडून बहुतांशी त्यानेच लिहिला. निकाल काय लागणार हे सांगावयास नको. लायब्निझचेही वागणे सर्वस्वी स्वच्छ नव्हते. त्याने निनावी पत्रक काढून आपलीच बाजू मांडली. दोघेही थोर आणि दोघेही त्या भांडणात लहान झाले. पाटी-पेन्सिल घेऊन वाद मिटविण्याचे स्वप्न पाहणाऱ्यावर स्वतःच्या वादात ती वेळ आली नाही, हे वाचून मन उदास होते.

१७१४ साली हॅनोव्हरचा संस्थानिक जॉर्ज हा इंग्लंडचा राजा झाला. सारा दरबार लंडनला गेला. लायब्निझला मात्र आधी इतिहास पुरा करण्याची ताकीद देऊन मागे ठेवण्यात आले. १४ नोव्हेंबर १७१६ रोजी, वयाच्या ७०व्या वर्षी, हॅनोव्हर येथे तो वारला. त्याने लग्न केले नव्हते. ज्या घराण्याची त्याने चाळीस वर्षे सेवा केली, त्याच्या दरबारातून अंत्यविधीला कोणी आले नाही. रॉयल सोसायटी गप्प राहिली आणि त्याने स्थापलेली बर्लिनची अकादमीही. त्याची थोरवी गायली ती पॅरिसच्या अकादमीत फाँतनेलने, १७१७ साली. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्याच्या थडग्यावर नावही नव्हते. जगाला खुणा देणाऱ्या माणसाच्या जागेवर खूण नसावी!

पण त्याचे कागद वाचले. त्यात राज्याची गुपिते असतील या भीतीने दरबाराने ते ताब्यात घेतले, म्हणूनच ते पांगले नाहीत. सुमारे दोन लाख पाने आणि सुमारे ११०० लोकांशी झालेला १५,००० पत्रांचा व्यवहार हॅनोव्हरच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. २००७ साली युनेस्कोने या पत्रव्यवहाराचा जागतिक स्मृतिठेव्यात समावेश केला. त्याच्या समग्र लेखनाचा पहिला खंड १९२३ साली निघाला आणि हे काम अजून संपलेले नाही. इंग्लंडात अभिमानापोटी न्यूटनच्याच खुणा शंभर वर्षे धरून ठेवल्या गेल्या, आणि त्यात तिथले गणित युरोपच्या मागे पडले. अखेर १८१२ साली केंब्रिजमधील बॅबेज आदी तरुण विद्यार्थ्यांनी मंडळ काढले आणि लायब्निझच्या खुणा स्वीकारण्याचा आग्रह धरला. ज्या निकालाने लायब्निझला हरविले, त्याला त्याच्या खुणांनी असे उत्तर दिले. ते पुढे आणणारे तुमच्या-माझ्यासारखे विद्यार्थीच होते.

त्याचे मोठे स्वप्न पुरे झाले नाही आणि बहुधा होणारही नाही. माणसांचे सारेच वाद पाटीवर सुटत नाहीत. गणितातलीसुद्धा प्रत्येक खरी गोष्ट ठरलेल्या नियमांनी सिद्ध करता येत नाही, हे गोडेलने १९३१ साली दाखविले. पण खूण ही सगळ्यांची मिळून असली पाहिजे आणि ती कोणालाही विचारता आली पाहिजे, एवढा भाग माझ्यापुरता मी उचलला आहे.

यंदा मी टिपणे पुन्हा लिहिली. या खेपेला ८५९४ क्रमांकाचा खरा बाण घातला, आणि पाठविण्याआधी दोन निरनिराळ्या मोबाईलवर उघडून पाहिला. टिपणांच्या पहिल्या पानावर प्रत्येक खुणेपुढे तिचा अर्थ मराठीत लिहिला. ज्या मुलीचे गुण गेले होते, तिला मी ते पान आधी दाखविले आणि माझी चूक सांगितली. तिने ते नीट वाचले, आणि त्यातल्या एका खुणेवर बोट ठेवून तिचा अर्थ पुरता स्पष्ट झालेला नाही असे सांगितले. तिचे म्हणणे बरोबर होते. मी ती ओळ बदलली.